पळून गेलेला कोच

परवा मुकादमचा फोन आला होता. हा मुकादम श्रीवर्धनचा. सौदीत दम्मामला त्याचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आता आम्ही दोघंही म्हातारे होऊन आपापल्या गावी बसलोय. कोणाचे गुडघे, कोणाची साखर, असं इकडचं तिकडचं झालं आणि मग विषय निघालाच. म्हणाला, "दलवीभाई, तो आपला ठवरे आठवतो का रे? पळून गेलेला कोच. तू तेव्हाच ओळखलं होतंस हां. मानलं तुला."

तीस वर्षांहून जास्त काळ हे श्रेय मी मुकाट घेत आलोय. आता बस्स झालं. ठवरे कसा होता ते एकदा लिहूनच टाकतो, आणि लिहिताना माझी अब्रू गेली तर जाऊ दे.

आधी एक सांगतो. त्याच्या आधी कोच मी होतो. दम्मामच्या इंडियन स्कूलच्या अकरावी-बारावीच्या मुलांची बास्केटबॉलची टीम, म्हणजे आपल्याकडचं ज्युनिअर कॉलेजच. चार वर्षं दर शुक्रवारी सकाळी सहाला मी शाळेच्या कोर्टवर उभा असायचो. नेमणूक कोणी केली नव्हती, पगार नव्हता. मी हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये नोकरीला, आणि खेळलो होतो तो चिपळूणला व्हॉलीबॉल. बास्केटबॉल मी पुस्तकातून शिकलो. पण गळ्यात शिट्टी होती, आणि सहा वाजून एक मिनिटाने आलेल्या पोराला मी कोर्टाला दहा फेऱ्या मारायला लावायचो. माझा मुलगा इम्रानसुद्धा त्यातून सुटला नाही. दरवर्षी आम्ही शेजारच्या खोबर शहरातल्या शाळेकडून हरायचो ती गोष्ट वेगळी.

इराकनं कुवेत घेतलं त्याला महिना झाला असेल. जो तो इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, खिशात आहे ना ते चाचपत होता, बायका सुटकेसा भरून ठेवत होत्या. आणि अशा दिवसांत प्रिन्सिपॉलबाईंनी मला बोलावून सांगितलं, "दलवीसाहेब, तुमच्याच हॉस्पिटलचे मिस्टर ठवरे युनिव्हर्सिटीकडून खेळलेले आहेत. ते मुलांना शिकवायला तयार आहेत. तुम्हालाही जरा विश्रांती."

विश्रांती! मी काय विश्रांतीसाठी अर्ज केला होता? पण हसलो, आणि शुक्रवारी कोर्टवर जाऊन शिट्टी स्वतःच्या हाताने ठवरेला दिली.

ठवरे एक्स-रे टेक्निशियन. नागपूरचा. पस्तिशीचा, उंच, काटकुळा, खांदे किंचित पुढे पडलेले. शर्टाच्या खिशात एका बाजूला फुटाणे आणि दुसऱ्या बाजूला निळं बॉलपेन. फुटाणे तो एकेक करून खायचा, घाई नाही. शिट्टी त्याने कपाळाला लावल्यासारखी घेतली, खिशात टाकली, आणि नंतर कधी वाजवली नाही. त्याला काही सांगायचं असलं की तो बॉल खाली ठेवायचा आणि त्याच्यावर बसायचा. बस्स. तो बसला की कोर्टवरची दहाच्या दहा पोरं थांबायची. मी चार वर्षं शिट्टी फुंकून गाल दुखवून घेतले, आणि हा नुसता बसतोय.

पहिले तीन आठवडे त्याने पोरांना बॉल दिलाच नाही. धावा आणि थांबा. धावा आणि थांबा. मी विचारलं, "ठवरे, बॉल कधी देणार?"

"देऊ न भाऊ," तो म्हणाला. "आधी थांबता तर येऊ द्या पोट्ट्यांना."

कोर्टाच्या कडेला सिमेंटच्या पायऱ्या होत्या. त्या आमची हक्काची जागा. पोरांचे बाप, काका, आणि ज्यांची पोरं नाहीत असेही, थर्मासमधला चहा घेऊन जुम्याच्या नमाजपर्यंत तिथे बसायचे. एरवी तिथे तेलाचे भाव आणि गावचे रस्ते चालायचे. त्या हिवाळ्यात दोनच विषय होते, सद्दाम आणि ठवरे. आणि खोटं कशाला बोलू, सद्दामपेक्षा ठवरेवर जास्त वेळ जायचा.

"फुकट कोण राबतो रे?" मुकादम म्हणायचा. "याला शाळेत पीटी टीचर व्हायचंय. लिहून ठेव."

"टीचरचा पगार एक्स-रेवाल्यापेक्षा कमी," डॉक्टर साठे म्हणायचे. साठे आमचे दातांचे डॉक्टर, पुण्याचे, प्रत्येक गोष्टीत दुसरी बाजू काढणारे. "मला वाटतं त्याचा डोळा अमेरिकेवर आहे. परवा सुपरमार्केटबाहेर दोन अमेरिकन सोल्जरांशी बोलत होता. हातवारे करून. तासभर."

"तासभर?"

"अर्धा तास तरी."

"बघ! व्हिसा!"

मी मध्ये फारसं बोलायचो नाही. फक्त चर्चा थंडावली की एक काडी टाकायचो. "बायको गरोदर आहे म्हणे नागपूरला. मार्चमध्ये बाळंत होणार. आणि हा इथे दुसऱ्यांची पोरं खेळवतोय. काहीतरी पाणी मुरतंय." एवढं बोलून चहा ओतून घ्यायचो. मग पुढचा अर्धा तास पायऱ्यांना पुरायचा.

त्या सोल्जरांशी तो काय बोलत होता ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मुरगळलेल्या घोट्याला पट्टी कशी बांधायची ते विचारून घेत होता. इम्रानच्याच घोट्याला. मी ते पायऱ्यांवर कधी सांगितलं नाही.

आता बॉलपेनची गोष्ट. ठवरे प्रॅक्टिस संपली की एकेका पोराचा डावा हात हातात घ्यायचा आणि पंज्याच्या मागच्या बाजूला निळ्या शाईने एक शब्द लिहायचा. आठवडाभर त्या पोराने फक्त तेवढंच सुधारायचं. कोणाला 'थांब', कोणाला 'वाक', एका जाड्या मल्याळी पोराला, त्याला मराठी अक्षरही वाचता येत नव्हतं, तरी 'हस'. इम्रानच्या हातावर 'बघ' लिहिलं होतं. बॉल हातात आला की आमचा इम्रान मान खाली घालून धावत सुटायचा, बाजूला मोकळा उभा असलेला आपला माणूस त्याला दिसायचाच नाही. चार वर्षांचा कोच असून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

माझा मुलगा घरात मराठीत बोललात तर हिंदीत उत्तर देणारा, हिंदीत बोललात तर इंग्रजीत. त्याने नजमाला, म्हणजे त्याच्या आईला, विचारून ते अक्षर वाचून घेतलं. आणि मग तो हात धुवायला तयार होईना! जेवायला बसला तरी डावा हात मागे. मी भडकलो. "नमाजला वजू करतोस की नाही? हात धुवावेच लागतील ना?"

"वजू करता हूँ, अब्बा. रगडता नहीं."

म्हणजे तीनदा पाणी घ्यायचा, पण चोळायचा नाही. शाई फिकी पडली की शुक्रवारी जाऊन सरांकडून पुन्हा गिरवून घ्यायची. मी म्हटलं, हा काय ताबीज आहे काय? नजमा म्हणाली, "असू दे की. तुमचं काय जातं?" माझं काय जातं! हे तिला कसं सांगणार?

आणि मग एक दिवस कहर झाला. मी त्याच्यावर कशावरून तरी ओरडत होतो, तर पोरगा शांतपणे म्हणाला, "अब्बा, काहून ओरडून राहिले?"

आयुष्यभर मी त्याच्याशी मराठीत बोललो, तेव्हा याच्या तोंडून मराठीचा शब्द निघाला नाही. आणि निघाला तो नागपूरचा! नजमा तोंडाला पदर लावून हसली. मी उठून गॅलरीत गेलो. जळलो म्हणजे किती जळलो, त्याला माप नाही.

डिसेंबरात खोबरच्या शाळेशी मॅच झाली. पायऱ्या गच्च भरलेल्या. कधीही सायरन वाजेल अशी हवा, वाटलेले गॅसचे मास्क काहींनी पिशवीत आणलेले, पण लोक आले होते. शेवटच्या मिनिटाला दोन्ही बाजू बरोबरीत. आणि मी, त्या टीमचा चार वर्षांचा कोच, एका खेळाडूचा बाप, मनातल्या मनात म्हणत होतो, हरू दे. एकदा हरू दे. स्वतःच्या पोराविरुद्ध दुआ मागणारा बाप बघितलाय कोणी? मी आहे तो.

बॉल इम्रानकडे आला. दोघं अंगावर. एरवी तो मान खाली घालून घुसला असता. पण तो थांबला. मान वर केली, बघितलं, आणि बॉल दिला तो कोपऱ्यातल्या त्या जाड्या मल्याळी पोराला. त्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. त्याने टाकला. पडला.

मुकादमने माझ्या पाठीवर असा गुद्दा मारला की चहा सांडला. इम्रान धावत आला. पायऱ्यांच्या दिशेने येतोय म्हणून मी उभा राहिलो, हात पसरले थोडेसे. तो माझ्यासमोरून गेला आणि ठवरेच्या गळ्यात पडला. मी पसरलेले हात टाळ्या वाजवायच्या कामाला लावले.

त्याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट केली होती, ती पायऱ्यांवर कोणाला ठाऊक नव्हती. मी रजेचा अर्ज दिला होता. कारण लिहिलं होतं, आई आजारी. आई ठणठणीत होती. मला नजमाला आणि इम्रानला घेऊन गाव गाठायचं होतं आणि परत यायचं नव्हतं. भीती वाटत होती, यात लपवण्यासारखं काय? पण लपवलं.

अडचण अशी की आमच्या हॉस्पिटलात सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत असत, आणि त्या दिवसांत जाणारा परत येईल याची हमी कोणीतरी सहकाऱ्याने सही करून द्यायची असा नियम काढला होता. हमी देणाऱ्याचा पासपोर्टही अर्जाला लावून मॅनेजरपुढे ठेवायचा. गेलेला माणूस परतेपर्यंत हमी देणाऱ्याला रजा नाही, त्याचा पासपोर्ट तिजोरीतून हलणार नाही. कोण देणार सही? मी तिघांना विचारलं. तिघांनीही नजर चुकवली. माझा अर्ज अबू सालेहच्या टेबलावर तसाच पडून होता. अबू सालेह आमचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून व्हिसाचे शिक्के आणणारा माणूस.

जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी मी स्टोअरच्या कामासाठी त्याच्या खोलीत गेलो. तो जागेवर नव्हता. टेबलावर रबरबँड लावलेली एक फाईल, आणि वर पासपोर्ट. पासपोर्टवरून नाव डोकावत होतं. ठवरे.

माझ्या छातीत काय झालं म्हणून सांगू! आनंद झाला. चाललाय! युद्ध येतंय म्हटल्यावर बॉल टाकून चाललाय! ती फाईल उघडून बघायला मला अर्धं मिनिट लागलं नसतं. पासपोर्ट दोन कारणांनी बाहेर येतो हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? पण उघडली नाही. खरं कारण हे की मला उघडायचीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर मी सगळे जमेपर्यंत थांबलो आणि हळूच म्हणालो, "मी काही बोलणार नव्हतो. पण तुमचा ठवरे चाललाय. पासपोर्ट बाहेर निघालाय. या डोळ्यांनी बघितलं."

"अरेच्चा!" साठे म्हणाले. "मी तरी म्हणत होतो, बायको बाळंत व्हायचीय, माणूस थांबेल कसा?"

"तरी पोरांना सांगायला नको होतं?" मुकादम म्हणाला. "असा गुपचूप? दलवीभाई चार वर्षं होता, कधी असं केलं?"

हे ऐकायला मी चार महिने थांबलो होतो. गोड लागलं.

बातमी पायऱ्यांवरून कोर्टवर उतरायला पाच मिनिटं लागली नाहीत. मल्याळी पोराने ठवरेला सरळ विचारलं. ठवरेने बॉल खाली ठेवला. वर बसला. एक फुटाणा तोंडात टाकला. पायऱ्यांकडे बघितलं, माझ्याकडेच बघितलं असं मला आजही वाटतं. मग म्हणाला, "मी कुठंच जाऊन नाही राहिलो. चला, उठा." आणि प्रॅक्टिस पुढे सुरू.

"असंच म्हणतात जाणारे," मी मुकादमला म्हणालो.

शनिवारी अबू सालेहने मला बोलावलं. "यल्ला, दलवी, तुझं काम खलास," म्हणाला आणि माझा पासपोर्ट पुढे केला. शिक्का मारलेला. सोबत माझ्याच अर्जाचा कागद. हमीच्या रकान्यात निळ्या बॉलपेनची सही. ठवरे.

"स्वतःच्या रजेचं विचारायला आला होता," अबू सालेह म्हणाला. "तुझा अर्ज पडलेला बघितला. म्हणाला, मी करतो सही. मी म्हटलं, अरे, हा आला नाही तर तू अडकशील. म्हणाला, येईल." मग म्हणाला, "आज सकाळीही आला होता. मला वाटलं सही मागे घेतोय. नाही. विचारून गेला, दलवीचं झालं का."

म्हणजे शुक्रवारी मी पायऱ्यांवर जे पसरवलं, ते ऐकून झाल्यावर शनिवारी सकाळी तो माझं झालं का ते विचारायला गेला होता. हातात धरवत नव्हता तो पासपोर्ट.

सरळ एक्स-रे विभागात जायला हवं होतं. जिन्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. त्याच्यासमोर उभं राहून काय बोलणार होतो? मंगळवारी आम्ही तिघं विमानात बसलो. घरात मी कोणाला सहीचं सांगितलं नाही. नवव्या दिवशी युद्ध सुरू झालं.

गावी रेडिओला कान लावून असायचो. दम्मामच्या बाजूला क्षेपणास्त्रं पडली म्हटल्यावर नजमा नमाजाच्या मुसल्यावरून उठायची नाही. इम्रान अंगणात नारळाच्या झाडावर बॉल आपटत बसायचा. युद्ध संपलं, विमानं सुरू झाली. माझा परतीचा शिक्का चांगला जुलैपर्यंतचा होता, पण मी हललो नाही. बाजारात एक गाळाही बघून ठेवला होता.

एप्रिलच्या सुरुवातीला साठ्यांचं पत्र आलं. नजमाने अंगणात मोठ्याने वाचलं. सगळे सुखरूप. शाळा उघडली. सायरनच्या दिवसांत ठवरे उरलेल्या सहा पोरांना हॉस्पिटलच्या तळघरात बसल्या बसल्या बॉल झेलायला शिकवायचा. मार्चमध्ये त्याला मुलगी झाली. 'पण त्याला अजून बघता आलेली नाही. कोणाचा तरी जामीन राहिलाय म्हणे, तो माणूस परतत नाही तोवर याचा पासपोर्ट अडकलेला. नाव विचारलं तर सांगत नाही. कोण नालायक आहे देव जाणे.'

नजमा वाचायची थांबली. इम्रानने बॉल हातात धरला. "किसका जामीन, अब्बा?"

मी खोटं बोलू शकलो असतो. तोंड उघडलं ते खोटं बोलायलाच. पण निघालं, "माझा."

पोरगा मराठीत म्हणाला, त्याच मराठीत, "मग तुम्ही इथं काहून बसून राहिले?"

लोक म्हणतील, दलवीला पश्चात्ताप झाला, म्हणून तो परत गेला. नाही हो. पश्चात्ताप जानेवारीतच झाला होता, आणि त्याच्यासकट मी तीन महिने आरामात जेवत होतो. मी परत गेलो तो जळून गेलो. माझ्या पोराच्या डोळ्यांत तो माणूस एवढा उंच आणि मी एवढासा, हे मला सहन होईना. त्याच आठवड्यात मुंबई गाठून माझं एकट्याचं तिकीट काढलं.

धहरानच्या विमानतळावर अबू सालेह घ्यायला आला होता. आणि त्याच्या शेजारी, पायाशी एक लहान बॅग, खिशात फुटाणे, ठवरे उभा. त्याच दुपारी त्याचं विमान. अबू सालेहने एका हाताने माझा पासपोर्ट घेतला आणि दुसऱ्या हाताने त्याचा त्याला दिला.

ठवरे वाळला होता. पण चेहरा उजळला. "आले का दलवीभाऊ! मी म्हटलंच होतं याले, येतील म्हणून."

मी म्हणालो, "ठवरे, त्या शुक्रवारी पायऱ्यांवर ते मी..."

"मले माहीत आहे न," तो म्हणाला. "जाऊ द्या."

"मग सही का ठेवलीस? तीन जणांनी नाही म्हटलं होतं मला. तू मला ओळखत तरी होतास का?"

तो जरा विचारात पडला. लपवाछपवी नव्हती त्यात, खरंच आठवत होता. "मी पहिल्या दिवशी कोर्टवर आलो न भाऊ, तेव्हा सहाला पाच कमी होते. दहाच्या दहा पोट्टे हजर. मी नागपुरात किती टीम पाहिल्या, असं कुठंच नाही पाहिलं. म्हटलं, ज्यानं हे शिकवलं, तो माणूस वेळेवर येतेच."

मी काय सांगणार? मी येणार नव्हतो, गाळा बघून ठेवला होता, हे?

विमानाची घोषणा झाली. त्याने बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली, खिशातून माझी शिट्टी काढून माझ्या खिशात टाकली. आणि मग माझा डावा हात धरला. बॉलपेन काढलं. "इम्रानचं नवं," म्हणाला. "विसरसान म्हणून." आणि माझ्या हातावर लिहिलं, 'आता डावा हात'. पोट्ट्याचा उजवा तयार झाला, म्हणाला, आता डाव्याने खेळू द्या. मग तो काचेपलीकडे गेला, रांगेत उभा राहिला. त्याने एक फुटाणा तोंडात टाकलेला दिसला, आणि तो गर्दीत गेला. नंतर तो परत आला नाही. मुलीजवळच राहिला म्हणे. पायऱ्यांनी एवढंच बघितलं की दलवी परत आला आणि त्याच दिवशी ठवरे पोरांना न सांगता गेला, आणि 'दलवी म्हणाला तेच, पळाला' असा निकाल लावून टाकला.

अबू सालेहची जीप हॉस्पिटलला पोचली तेव्हा असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजची, अजान होत होती. वजूसाठी नळाखाली बसलो. डाव्या हातावर तीनदा पाणी घेतलं. चोळलं नाही.